घडीपत्रक

गज्जम शेठ पेनड्राइव्ह घेऊन आले.
त्यात वडिलांचा हार घातलेला फोटो,
कारखान्याचा इतिहास, टाईप करून चार पानं,
आणि कुठूनसं उतरवलेलं एक गोरं जोडपं
पांढऱ्या गादीवर लोळत हसणारं.
"सगळं बसवा," म्हणाले. "पंधरा दिवसांनी प्रदर्शन हाय."

साखर पेठेतल्या माझ्या दुकानात
पंखा तीच गरम हवा पुन्हापुन्हा वाटत होता.
मी एक कोरा कागद आडवा धरून
दोनदा दुमडला, त्यांच्यापुढे उभा केला.
सहा पानं होतात, शेठ. एवढंच घर.
माणसं किती आणायची ते ठरवा.
त्यांनी कच्चं डिझाईन उलटसुलट केलं:
"हितं कोरं का सोडलालाव?
पूर्ण कागदाचे पैसे देतो की मी."

उत्तर सुचेना, म्हणून कारखाना बघायला गेले.
अक्कलकोट रोडला, मागांच्या खडखडाटात
बोलणं भुवयांनी चालतं.
कडेच्या खोलीत राजम्मा म्याकल
चादरींच्या घड्या घालत होत्या.
हनुवटीखाली एक टोक, हात पसरलेले,
एक झटका, दुसरा, आणि काठ बरोबर वर.
मी विचारलं, दर वेळी काठच वर कसा?
त्या न थांबता म्हणाल्या,
"गिऱ्हाईक सगळी चादर उलगडतंय होय?
वरची वीतभर बघतंय.
ती आवडली तर हात लावतंय."

रात्री मी जोडपं काढून टाकलं.
मुखपृष्ठावर फक्त वीतभर काठ,
डाळिंबी आणि निळा, दोरा न् दोरा दिसेल असा,
खाली कारखान्याचं नाव, बास.
इतिहासाच्या चार पानांच्या चार ओळी झाल्या.
वडील आतल्या पानावर गेले, तिकिटाएवढे.
शेठ दोन दिवस बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी फोन:
"असू दे. पण मिशी नीट दिसली पाहिजे."

पाच हजार छापून आली.
शाईचा वास ओला होता अजून
आणि फोन नंबरात पाचाच्या जागी सहा.

'वैशिष्ट्यपूर्ण'ची वेलांटी मी तीनदा तपासली होती.
'विश्वासार्ह'चा रफार भिंगाखाली.
नंबर कोण वाचतं? तो तर पाठ असतो.
प्रुफावर शेठची सही होती, खाली माझी.
दोघांनीही एकमेकांच्या सहीकडे बघितलं
आणि चहा मागवला.

वर चिकटपट्टी लावायची, एवढं ठरलं.
गठ्ठे घडीच्या खोलीत उतरले.
राजम्मांनी एक पत्रक उघडलं,
अक्षराखाली बोट सरकवत वाचलं.
शाळा तेलुगूत झालेली, मराठी दुकानांच्या पाट्यांवर.
सहाही पानं झाली, मग मागची बाजू, मग परत पुढची.
"बाई, रंग जातो का ते कुठाय?"
मी म्हटलं, ते लिहायचं राहिलं.
"लोक पयलं तेच विचारतेत.
बाकीचं नंतर."

'परंपरा' दोन ठिकाणी होती.
'दर्जा' पाच ठिकाणी.

मग पट्टीवर बरोबर नंबर आला
आणि त्याच्या डोक्यावर एक ओळ:
रंग जात नाही. कोपरा भिजवून बघा.
दोन रात्री आम्ही सात जणी जमिनीवर बसून
पाच हजार चुका झाकल्या,
बोटांना गोंद, मधे शेंगदाण्याचे लाडू.
काही पट्ट्या तिरक्या बसल्या, तशाच गेल्या.

होम मैदानावर शेठनी टेबलावर
स्टीलचा मग भरून ठेवला.
ही कल्पना त्यांची, कबूल करते.
लोक यायचे, पत्रक घ्यायचे, पट्टी वाचायचे,
मगाकडे, मग चादरीकडे बघायचे.
एका म्हातारबांनी कोपरा बुडवून
आपल्याच पांढऱ्या धोतरावर घासला.
शेठनी श्वास धरला.
धोतर पांढरंच राहिलं.

धंदा किती झाला ते ते सांगत नाहीत,
पुढचं काम मात्र मलाच दिलंय, टॉवेलचं.
कोऱ्या जागेवरून परत वाद होईल.
मी आता प्रूफ हातात आलं की
आधी नंबर वाचते. शेवटून सुरुवातीकडे,
एकेक आकडा, बोट ठेवून.